फौजेतून कंपनीत गेलेल्या माणसाची स्मरणिका कशी लिहावी

सैन्यात काही वर्षं काढून पुढे एखाद्या कारखान्यात मोठ्या पदापर्यंत पोहोचलेला माणूस जातो, तेव्हा शोकसभेत दोन वेगळ्याच माणसांबद्दल भाषणं होतात. कोर्समेट (प्रशिक्षणातले सोबती) येतात, ते पलटणीतल्या तरुण लेफ्टनंटबद्दल बोलतात. कंपनीतले लोक येतात, ते 'साहेबां'बद्दल बोलतात. दोन्ही गट एकाच हॉलमध्ये बसलेले असतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. घरच्यांना दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक असतं. मग स्मरणिकेत छापून येतं, 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष'. वाचणाऱ्याला त्यातून माणूस दिसत नाही.

या दोन आयुष्यांची गाठ घालून देणं हेच लिहिणाऱ्याचं खरं काम आहे, असं मला वाटतं. ते कसं करायचं, कोणते कागद शोधायचे, कुणाला काय विचारायचं आणि काय लिहायचं नाही, हे पुढे क्रमाने सांगतो.

आधी त्या पिढीबद्दल दोन शब्द, कारण महाराष्ट्रात अशा बऱ्याच घरांची गोष्ट एकाच वर्षापासून सुरू होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हा घरोघरी पोहोचलं. सैन्याला अधिकारी कमी पडत होते म्हणून इमर्जन्सी कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी तातडीची अधिकारी-भरती, सुरू झालं. पुणे आणि मद्रास इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरं काही महिन्यांत सेकंड लेफ्टनंट होऊन बाहेर पडली. त्यांतले कित्येक १९६५ चं युद्ध लढले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने त्यांना रिलीज, म्हणजे सेवामुक्त, करण्यात आलं. काहींना कायम कमिशन मिळालं, काही स्पर्धापरीक्षा देऊन सरकारी नोकरीत गेले. उरलेल्यांपैकी अनेक जण कारखान्यांकडे वळले. त्याच १९६२ च्या १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली होती. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, पुढे नाशिक, औरंगाबाद असे पट्टे उभे राहत होते आणि तिथे माणसं सांभाळू शकणारी माणसं हवी होती. पर्सनल, स्टोअर्स, ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी, सेल्स अशा खात्यांतून शिरलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कॅप्टन तीसेक वर्षांनी जनरल मॅनेजर किंवा डायरेक्टर होऊन निवृत्त झाला.

ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून पहिली सूचना हीच की माणूस हयात असेल तर काम आजच सुरू करा. सहस्रचंद्रदर्शनाचं निमित्त त्यासाठी उत्तम, कारण त्या दिवशी दोन्हीकडची जुनी माणसं एकत्र येतात आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो स्वतः चूक दुरुस्त करायला समोर बसलेला असतो.

पायरी पहिली: कागद हलण्याआधी स्कॅन करा

माणूस गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत घरातले सगळ्यात महत्त्वाचे कागद घराबाहेर पडतात. पेन्शन असेल तर फॅमिली पेन्शनसाठी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि सेवेचे कागद काढले जातात, बँक आणि 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलची धावपळ सुरू होते, मूळ प्रती या हातातून त्या हातात जातात. म्हणून कुठलाही कागद देण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. मागच्या बाजूवरचे शिक्के, पेन्सिलीने केलेल्या नोंदी, हे सगळं पुढे कामाला येतं.

जवान किंवा जेसीओ (सुभेदारासारखा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) असेल तर डिस्चार्ज बुक शोधा. त्यात भरतीची तारीख, ट्रेड, कोर्सेस, मेडल आणि सेवा संपल्याचं कारण एका जागी सापडतं. अधिकारी असेल तर रिलीज ऑर्डर, कमिशनचं सनदपत्र, जुनी मूव्हमेंट ऑर्डर (बदलीच्या प्रवासाचा आदेश). इमर्जन्सी कमिशनवाल्यांना पाचेक वर्षांनी रिलीज होताना ग्रॅच्युइटी मिळाली, पेन्शन नाही. त्यामुळे त्यांच्या घरी पीपीओ नसतो आणि मुलांना वाटतं की कागदच नाहीत. कागद असतात, फक्त पेन्शनच्या फायलीऐवजी ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली असतात.

कंपनीच्या बाजूने नेमणुकीचं पत्र, बढतीची पत्रं, पीएफची स्लिप, निवृत्तीच्या वेळचं मानपत्र आणि गटफोटो काढा. कागद ३०० डीपीआयला पुरतात, लहान फोटो ६०० ला करा. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल वापरा, बॉलपेन नको. आणि मेडल घासूनपुसून चकचकीत करू नका, त्याने वरची अक्षरं झिजतात.

पायरी दुसरी: मेडल वाचायला शिका

इथे थोडं थांबावं लागेल, कारण कागद हरवले तरी मेडल बहुधा घरात असतात आणि ती पुष्कळ बोलतात.

मेडलची कड उजेडात तिरकी धरून पाहा. भारतीय मेडलच्या कडेवर सहसा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. नंबरातली सुरुवातीची अक्षरं म्हणजे अर्धा इतिहास. आयसी म्हणजे कायम कमिशन, ईसी म्हणजे इमर्जन्सी कमिशन, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, जेसी म्हणजे जेसीओ. 'बाबा एनडीएतून गेले होते' असं घरात सांगितलं जात असेल आणि कडेवर ईसी असेल, तर मेडल बरोबर आहे, कारण एनडीएतून कायम कमिशन मिळतं.

आता कोणतं मेडल काय सांगतं ते पाहू. रक्षा मेडल १९६५ हे त्या काळात सेवेत असलेल्यांना मोठ्या प्रमाणावर मिळालं. ते असलं म्हणजे माणूस आघाडीवर होताच असं नाही. समर सेवा स्टार मात्र लढाईच्या क्षेत्रातल्या सेवेसाठी होता. १९७१ साठीही असाच फरक आहे. संग्राम मेडल सरसकट, पूर्वी स्टार पूर्वेकडच्या कारवाईसाठी आणि पश्चिमी स्टार पश्चिमेकडच्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल मिळालं, म्हणजे ते घरात असेल तर त्या दिवशी तो गणवेशात होता हे पक्कं. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर धातूची आडवी पट्टी असते आणि तिच्यावर जम्मू-काश्मीर, हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश) असं प्रदेशाचं नाव असतं. 'कुठेतरी बर्फात होते' या घरगुती वाक्याचा पत्ता त्या पट्टीवर मिळतो.

हे सगळं का करायचं? कारण 'त्यांनी १९७१ च्या युद्धात भाग घेतला' हे वाक्य लाखो माणसांबद्दल लिहिता येतं. पण पूर्वी स्टार आहे आणि युनिट १ मराठा आहे एवढं कळलं, की तुम्ही जमालपूरपर्यंत पोहोचता. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या गावाला डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटणीने, म्हणजे याच १ मराठाने, वेढा घातला होता आणि शरणागतीच्या मागणीला उत्तर म्हणून पाकिस्तानी कमांडरने पाठवलेल्या पत्रासोबत बंदुकीची गोळी होती. त्या वेढ्यात तुमचे काका होते का, कोणत्या कंपनीत होते, हे विचारायला आता एक नेमका प्रश्न तयार झाला.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. घरच्या गोष्टीत शौर्य वाढत जातं. मेडल जेवढं सांगतं तेवढंच लिहा. सिग्नल्समध्ये (सैन्याच्या संदेशवहन खात्यात) बसून रात्रभर तार जोडत राहणारा, किंवा सप्लायच्या गाड्या पुढे पोचवणारा माणूस कुणापेक्षा कमी नव्हता. त्याच्या नावावर न लढलेली लढाई टाकली, तर त्याने खरंच केलेल्या कामाचा मान जातो.

पायरी तिसरी: सरकारी नोंदी

जवान आणि जेसीओंच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात आणि ती बहुधा रेजिमेंटल सेंटरला जोडलेली असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीला सेना मुख्यालयाकडे असतात. पत्र लिहिताना नंबर, हुद्दा, नाव, युनिट, सेवेची अंदाजे वर्षं आणि तुमचं नातं एवढं स्पष्ट लिहा, सोबत मृत्यूचा दाखला जोडा. पत्राचं उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे स्मरणिका त्यावर अडवून ठेवू नका.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे जवळचं दार. माजी सैनिकाची तिथे नोंद असेल तर सेवेचा तपशील मिळू शकतो, आणि तिथले लोक रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं हेही सांगतात.

एक कमी माहीत असलेली जागा म्हणजे भारताचं राजपत्र. अधिकाऱ्यांची नेमणूक, कमिशन, बढती याच्या अधिसूचना भाग १, विभाग ४ मध्ये छापल्या जातात. मोठ्या ग्रंथालयात जुने खंड असतात. कमिशनचं वर्ष माहीत असेल तर एखाद्या दुपारी बसून नाव शोधता येतं, आणि नातवंडांनी राजपत्रात छापलेलं आजोबांचं नाव स्वतःच्या बोटाने दाखवलं, की त्यांना पुढच्या कामाची आपोआप ओढ लागते.

अलीकडच्या पोस्टिंगबद्दल एक काळजी घ्या. युद्धविषयक कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले करावेत असं धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याहून नव्या काळातल्या ठाण्यांची नेमकी जागा, संख्या, कामाची पद्धत छापू नका. घरी सापडलेला नकाशा किंवा युनिटचा कागद फोटो काढून पसरवू नका.

पायरी चौथी: कंपनीचे कागद

फौजेपेक्षा हे अवघड आहे. सैन्य कागद जपतं, कंपन्या विकल्या जातात, नावं बदलतात, गोदामं रिकामी केली जातात. तरी तीन जागा पाहाव्यात.

पहिली म्हणजे वार्षिक अहवाल. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम २१७(२अ) नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेल्या कर्मचाऱ्यांची यादी संचालकांच्या अहवालाला जोडावी लागे. त्या यादीत नाव, वय, हुद्दा, शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि आधीची नोकरी असे रकाने असत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचे अहवाल मिळाले आणि माणूस पुरेशा वरच्या जागी असला, तर 'आधीची नोकरी' या रकान्यात 'भारतीय सेना' एवढे दोनच शब्द दिसतील. दोन आयुष्यांना जोडणारा याहून कोरडा आणि याहून पक्का पुरावा नाही. जुने अहवाल शेअर दलालांकडे, वाणिज्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, आणि जुने शेअर जपून ठेवणाऱ्या नातेवाइकांकडे सापडतात.

दुसरी जागा, गृहपत्रिका. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली कारखान्याचं मुखपत्र म्हणून सुरू झालं होतं. पुढे जवळपास प्रत्येक मोठ्या कारखान्याचं त्रैमासिक निघे. सुरक्षा सप्ताह, क्रीडास्पर्धा, बढत्या, निवृत्ती, मुलांचे दहावीचे गुण सगळं त्यात असे. भाषणांपेक्षा फोटोखालच्या ओळी वाचा, कोण कुणाशेजारी उभा आहे ते कळतं.

तिसरी जागा म्हणजे उद्योगसमूहांची अभिलेखागारं. टाटा समूहाचं पुण्यात आहे, गोदरेजचं मुंबईत. सगळ्यांकडे अशी सोय नसते, पण असेल तर रीतसर पत्र लिहा.

पायरी पाचवी: माणसं, आणि त्यांना काय विचारायचं

स्मरणिकेचा जीव इथे आहे. घाई करायची असेल तर बाकी पायऱ्यांत करा, इथे नको.

यादी करताना हुद्द्याच्या उतरंडीने जाऊ नका. मॅनेजिंग डायरेक्टरचा संदेश आला तर छापा, पण त्यातून काही कळणार नाही. साहेबांची स्टेनो, ड्रायव्हर, टाइम ऑफिसचा क्लार्क, कॅन्टीनचा ठेकेदार, डेपोत बसणारा विक्रेता ही माणसं रोज त्यांना बघत होती. फौजेच्या बाजूने कोर्समेट तर हवेतच, पण त्यांच्या हाताखालचा एखादा हवालदार किंवा सुभेदार गावी असेल तर एसटीने जा आणि भेटा. अधिकारी कसा होता हे अधिकाऱ्यापेक्षा जवान नेमकं सांगतो. आणि कंपनीत ज्याच्याशी त्यांचे खटके उडाले त्या युनियनच्या पुढाऱ्याला मुद्दाम भेटा. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस जे सांगेल ते कौतुकाच्या दहा पत्रांत सापडणार नाही. 'साहेब कडक होते, पण दिलेला शब्द फिरवला नाही' असं त्याच्याकडून आलं, तर ते जसंच्या तसं छापा.

सगळ्यात आधी मात्र पत्नीशी बोला. फील्ड पोस्टिंगच्या काळात घर तिने एकटीने चालवलेलं असतं. नवरा नेफात, ही सासरी किंवा छावणीतल्या क्वार्टरमध्ये, पत्र यायला पंधरा दिवस. पुढे तोच माणूस कंपनीत आला तेव्हा बारा-चौदा तासांची नोकरी, संपाच्या दिवसांत रात्री-बेरात्री वाजणारा फोन. तिची गोष्ट 'त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली' या एका ओळीत संपवणं हा अन्याय आहे. तिला विचारा, तुम्ही कुठे राहत होता? भाडं किती होतं? पहिलं मूल झालं तेव्हा ते कुठे होते? फौज सोडायचा निर्णय कुणाचा? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा थोडा वेळ कुणी बोलत नाही. त्या वेळी तुम्हीही बोलू नका.

वय झालेल्या माणसाला सन विचारलं तर आठवत नाही. तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेला धरून विचारा. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा कॉलेजात होता का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा रिलीज होऊन घरी आला होता की अजून युनिटमध्ये? बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या गावी बदली होती? आणीबाणी, गिरणी संप (१८ जानेवारी १९८२ पासून), कपिलच्या संघाने वर्ल्ड कप जिंकला ती रात्र, किल्लारीचा भूकंप, या खुणांवरून तारखा आश्चर्य वाटावं इतक्या नीट जुळतात.

काही प्रश्न मला नेहमी उपयोगी पडले आहेत, ते देतो. पहिल्या दिवशी कुणी काय सांगून बसवलं? त्यांच्या टेबलावर काय असे? चूक झाल्यावर ते काय म्हणत? कुणाला नोकरी लावून दिली? कुणाची नोकरी वाचवली? कशावर चिडत? फौजेतली कोणती सवय शेवटपर्यंत सुटली नाही? एवढे पुरे. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बोलायला लावू नका, रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर नेमक्या वाक्यावर कुणाचा तरी कॉल येतो.

लढाईबद्दल खोदून विचारू नका. 'तुम्ही कुणाला मारलं का' हा प्रश्न कधीही, कुणालाही नाही. ज्याला सांगायचं असतं तो हवामानापासून, चपलांपासून, न मिळालेल्या जेवणापासून सुरुवात करतो आणि आपणहून तिथे येतो. आला नाही, तर त्याच्या मनातलं त्याच्याकडेच राहू द्या.

पायरी सहावी: सांधा शोधा

एवढं जमलं की एका मोठ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फौज, उजवीकडे कंपनी. दोन्हीकडे फक्त केलेल्या गोष्टी लिहा, गुण नको. मग डावीकडची कोणती गोष्ट उजवीकडे पुन्हा दिसते ते पाहा.

उदाहरण देतो. हा माणूस काल्पनिक आहे, पण अशी माणसं अनेक कारखान्यांत होती. डावीकडे कुणा सुभेदाराने सांगितलेलं आहे, 'जवान जेवल्याशिवाय कॅप्टनसाहेब ताटाला हात लावत नसत.' उजवीकडे कॅन्टीनवाल्याने सांगितलं, 'नवीन साहेब आले आणि पहिल्या आठवड्यात कामगारांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. आम्हाला वाटलं, तपासणी चालली आहे.' दोन्ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. ही दोन वाक्यं शेजारी छापा आणि खाली स्वतःचं काहीही लिहू नका. वाचणारा ती गाठ स्वतः मारतो.

दर वेळी सांधा इतका सरळ नसतो. कधी फौजेतली सवय कंपनीत चालली नाही, हीच गोष्ट असते. हुकूम दिला की काम होतं ही सवय घेऊन आलेला तरुण अधिकारी शॉप फ्लोअरवर पहिली दोन वर्षं अडखळला, मग फोरमनकडून ऐकायला शिकला. हे लिहिलं तर माणूस लहान होत नाही, तो शिकताना दिसतो. 'सैन्यातील शिस्तीचा त्यांना उद्योगात फायदा झाला' हे वाक्य मी कुणालाही छापू देत नाही. कोणती शिस्त, कधी, कुणाला फायदा, हे सांगता येत असेल तरच.

पायरी सातवी: अवघड गोष्टी

प्रत्येक अशा आयुष्यात दोन-तीन जागा असतात जिथे घरचे एकमेकांकडे बघतात. बढती नाकारली गेली म्हणून फौज सोडली. संपाच्या वेळी निलंबनाच्या पत्रांवर सही यांची होती. १९९१ नंतर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) आली, तेव्हा स्वतः भरती केलेल्या माणसांना घरी पाठवायचं काम यांच्याच वाट्याला आलं. शेवटच्या वर्षात मालकांशी पटलं नाही.

यातलं काय छापायचं हे पत्नी आणि मुलांनी ठरवावं. माझा आग्रह एवढाच, की जे वगळाल त्याच्या जागी खोटं घालू नका. फौज सोडण्याचं कारण सांगायचं नसेल तर 'अमुक साली सेवा संपली आणि अमुक साली कंपनीत रुजू झाले' एवढंच लिहा. 'उद्योगक्षेत्राची ओढ असल्याने' असं रचू नका. व्हीआरएसबद्दल लिहायचं ठरलं, तर आकडे आणि बाजू न घेता, त्यांनी त्या दिवसांत काय केलं ते लिहा. काही जण त्या यादीतल्या एकेका माणसाला केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगत. काही जण संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलत नसत. दोन्ही खरं असेल तर दोन्ही लिहा. इतर कुणा व्यक्तीवर दोष जाईल असा मजकूर मात्र एकतर्फी छापू नका, तो माणूस उत्तर द्यायला तिथे नसतो.

पायरी आठवी: किती लिहायचं

एकच मजकूर सगळीकडे वापरता येत नाही.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता साठ-सत्तर शब्दांची असते आणि ती पहिल्याच दिवशी लागते. तिच्यात हुद्दा नीट लिहा. 'कॅप्टन अमुक अमुक (निवृत्त)' अशी रीत आहे, 'निवृत्त कॅप्टन' किंवा 'माजी कॅप्टन' नाही. पुढे वय, युनिट, युद्धातला सहभाग पक्का असेल तरच, कंपनी आणि शेवटचं पद, मागे कोण, अंत्यविधी कुठे. त्याच दिवशी जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला (लष्कराच्या स्थानिक कार्यालयाला) आणि जिल्हा सैनिक कार्यालयाला कळवा, पुष्पचक्र अर्पण करायला कुणी येऊ शकतं. तिरंग्याबद्दल ध्वजसंहिता स्पष्ट आहे: पार्थिवावर ध्वज फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीत घालतात, आणि तो चितेवर जाळत नाहीत. भावनेच्या भरात घरचा ध्वज पांघरू नका, त्यांनाच ते आवडलं नसतं.

शोकसभेतलं भाषण पाच-सहा मिनिटांचं करा, म्हणजे साधारण सहाशे-सातशे शब्द. एकच प्रसंग निवडा. फौजेकडून एक आणि कंपनीकडून एक असे दोनच बाहेरचे वक्ते ठेवा आणि दोघांना आधल्या दिवशी फोनवर एकमेकांशी बोलायला लावा. भाषणं वेगळीच होतात, हे मी पाहिलं आहे.

स्मरणिकेतला मुख्य लेख वर्षश्राद्धापर्यंत तयार होऊ द्या. दीड-दोन हजार शब्द पुरतात. जन्मापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. रिलीज होऊन ट्रंक घेऊन गाडीतून उतरला त्या दिवसापासून सुरू करून मागे-पुढे जाता येतं. पदांची आणि तारखांची यादी शेवटच्या पानावर वेगळी द्या, म्हणजे लेखाला हुद्दे मोजत बसावं लागत नाही. फोटो थोडे निवडा, पण प्रत्येकाखाली ठिकाण, साल आणि डावीकडून उजवीकडे नावं हवीत. जे नाव कळलं नाही तिथे मोकळी जागा सोडा. स्मरणिका हातात पडल्यावर कुणीतरी फोन करून ते नाव सांगतं.

छापण्याआधी मसुदा दोघांना वाचायला द्या, एक कोर्समेट आणि एक कंपनीतला. कोर्समेट युनिटची नावं आणि हुद्द्यांचा क्रम तपासेल. सेकंड लेफ्टनंटला थेट मेजर केल्याची चूक त्याला लगेच दिसते. कंपनीतला माणूस यंत्रांची, खात्यांची आणि पदांची नावं बघेल. मजकूर ठरवायचा अधिकार मात्र घरच्यांचाच ठेवा.

पायरी नववी: प्रती कुठे ठेवायच्या

नातेवाइकांत वाटून उरलेल्या प्रती माळ्यावर टाकू नका. एक प्रत रेजिमेंटल सेंटरला पाठवा, एक जिल्हा सैनिक कार्यालयाला, एक कंपनीच्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला, एक गावच्या शाळेत आणि एक जिल्ह्याच्या वाचनालयात. ज्यांनी ज्यांनी वेळ देऊन सांगितलं त्या प्रत्येकाला, ड्रायव्हरला आणि स्टेनोलासुद्धा, स्वतः नेऊन द्या. रेकॉर्डिंग आणि स्कॅन दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. फाइलला 'स्कॅन००१' असं नाव राहू देऊ नका. साल, ठिकाण, माणूस या क्रमाने नाव द्या.

शेवटच्या पानावर एक पत्ता किंवा फोन नंबर छापा आणि लिहा की दुरुस्ती, भर, जुने फोटो असतील तर कळवा. खरी माहिती कित्येकदा छपाईनंतरच येते. ज्याचा पत्ताच सापडला नव्हता असा एखादा माणूस नागपुरातून किंवा कॅनडातून फोन करतो आणि १९६५ च्या सप्टेंबरमधली तुम्हाला न मिळालेली ती एक रात्र सांगायला लागतो. तेव्हा वही आणि पेन जवळ असू द्या.